ताईचा तुंबा

७ ऑक्टोबर

काल मामांनी सगळ्या गावासमोर माझ्या गळ्यात ताईची पांढऱ्या मण्यांची माळ घातली, उंबऱ्यावर पीठ-पाणी शिंपडलं आणि जाहीर केलं, "आजपासून ही त्वाम्बो." ताईचं नाव मला. झालं. जन्मापासून मी मोनो होते, ते एका दुपारी संपलं. ताई जूनमध्ये बाळंतपणात गेली, बाळही गेलं. तिचा आत्मा उघड्यावर पडू नये म्हणून त्याला माझं अंग दिलं. "घर रिकामं ठेवू नये," मामा म्हणाले, "रिकाम्या घरात नको ते शिरतं." मला कुणी विचारलं नाही. चोमा शहरात माझं शिलाई मशीन आहे, भाड्याची खोली आहे, ते सगळं कुलूप लावून आले.

आमच्यात पोर आईच्या कुळाची, म्हणून ताईची लुसे आता माझी. तीन वर्षांची आहे. माझ्याकडे बघते आणि तोंड फिरवते. तिचा बाप मुदेंदा माझाबुकाला ऊसतोडीवर असतो, महिन्याअखेरीस पैसे धाडतो आणि तिथूनच उंटावरून शेळ्या हाकतो. त्याने मला बायको करून घ्यायचं नाही एवढं तरी मी मामांकडून कबूल करून घेतलं.

गावात सगळे मला 'बिना-लुसे' म्हणतात, लुसेची आई. ताईलाही हेच म्हणायचे. हाक आली की मी आधी मागे वळून बघते, ताई आली की काय म्हणून. मग कळतं की मलाच आहे. म्हणून ही वही काढली. गिऱ्हाइकांची मापं लिहायला आणली होती. निदान हिच्यात तरी मी मोनो आहे.

११ ऑक्टोबर

स्वयंपाकाच्या खोपटात कोपऱ्यात ताईचा तुंबा आहे. माझ्या गुडघ्याएवढा वाळवलेला भोपळा, वापरून वापरून काळपट झालेला, तोंडाला मक्याच्या कणसाचा बोळा. आत चिब्वान्तु, आमचं आंबट पेय. मक्याच्या कण्यांची पेज शिजवून गार करायची, मोड आलेल्या ज्वारीचं पीठ कालवायचं आणि तुंब्यात ओतायची. तळाशी कालचं राखून ठेवायचं, त्याचंच विरजण लागतं. ताई गेल्यापासून शेजारची बिना-मायंझा येऊन हे करत होती. आज मला शिकवायला आली. बाई उंच, दणकट, आवाज सगळ्या वस्तीला पुरेल असा.

"एक लक्षात ठेव. हा कधी धुवायचा नाही."

"कधीच?"

"तू तुझी जीभ साबणाने धुतेस का?"

"म्हणजे मेलेल्या बाईच्या हातचं आंबट पाणी पोरीला पाजत राहायचं?"

"पोर त्याच बाईच्या पोटची आहे. तिला चालतं." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "तुला नाही चालत वाटतं? एक घोट घेऊन तरी बघ."

मी नाही घेतला. माझ्या गळ्यात तिचे मणी आहेत, अंगाला तिचं लुगडं आहे, तिच्या चटईवर मी झोपते. आता तिला गिळूही का?

१३ ऑक्टोबर

तुंबा बोलतो.

दुपारी खोपटात भाजी चिरत होते. कोपऱ्यातून हळू आवाज आला, कुणी तोंडातल्या तोंडात पुटपुटावं तसा. मग फुस्स करून सुस्कारा. सुरी हातातून पडली. बघते तर लुसे तुंब्याला मिठी मारून, कान लावून बसलेली.

"काय करतेस गं?"

"ऐकते. आई बोलते."

मी विचारलं काय बोलते. तिने सांगितलं नाही. ते तिचं आणि आईचं आहे असं तिच्या तोंडावर दिसत होतं. या घरात आल्यापासून पोरगी पहिल्यांदा हसली, आणि तीही माझ्याकडे बघून नाही.

२२ ऑक्टोबर

बाजाराला मोंझेला जाऊन आले. गिरणीचं पांढरंशुभ्र पीठ आणलं, पाव, साखर, चहा. ताईच्या घरी कोंड्यासकट दळलेल्या पिठाची नशिमा, म्हणजे रोजची घट्ट उकड, रानातली पालेभाजी, शेंगदाणे, आणि वरून ते आंबट. गरिबाचं खाणं. मी आले आहे तर पोरीने जरा माणसासारखं खावं. पहिल्या दिवशी तिने पाव थुंकला. आज साखर लावून दिला तर दोन तुकडे खाल्ले. मला केवढा आनंद झाला ते लिहायचीही लाज वाटते.

बिना-मायंझा कुंपणावरून बघत होती. "पांढरं पीठ, पांढरा पाव, पांढरी साखर. पोरीचा खडू करणार आहेस का, बिना-लुसे?"

मी म्हटलं, ज्यांना परवडत नाही ते असंच बोलतात. ती आत निघून गेली. तिच्या घरात पाच पोरं आहेत, सगळी तुंब्यावर वाढलेली, सगळी धुळीत लोळणारी. बोलायला नको होतं. पण बोलले.

१ नोव्हेंबर

लुसे अजूनही रोज दुपारी तुंब्यापाशी बसते. मी तिला मांडीवर घेतलं की अंग आखडून घेते, आणि त्या सुकलेल्या फळाला मात्र गाल लावते. आज मी दारात उभी राहून ऐकलं. ती त्याला सांगत होती, "ती बाई अजून गेली नाही."

मला ताईचा राग येतो. मेलेल्या माणसाचा राग धरू नये, पण येतो. लहानपणापासून तीच सगळ्यांची लाडकी. आई वारली तेव्हाही सगळे तिलाच कवटाळून रडले. मी कणगीच्या मागे एकटी बसले होते. आता ती मेली आहे आणि तरीही घर तिचंच.

४ नोव्हेंबर

आरोग्यखात्याची माणसं आली होती. काफुवे नदीच्या काठी मासेमारांच्या तळावर कॉलरा सुरू झाला आहे. प्रत्येक घराला क्लोरीनची बाटली दिली. प्यायच्या पाण्यात थेंब टाका, हात धुवा, भांडी स्वच्छ घासा. त्यांचं बोलणं चांगलं होतं. मी सगळ्यांत पुढे बसून ऐकलं.

सभेहून परत येताना बसथांब्यावर औषधं सुटी विकणारा भेटला. लाल-काळ्या कॅप्सूल. म्हणाला, पोराला रोज सकाळी अर्धी दिलीत तर रोग अंगणात पायसुद्धा ठेवणार नाही. एक पुडी घेतली. ताईला असलं सुचलं नसतं.

५ नोव्हेंबर

तुंबा धुतला.

सकाळीच पाणी उकळायला ठेवलं. आतलं सगळं केळीच्या बुंध्याशी ओतलं. तळाला घट्ट, फेसाळ साका होता, तो निघेना. वाळू घालून खळखळवलं, साबण घातला, मग क्लोरीन घातलं आणि उकळतं पाणी. तीन-चार वेळा. शेवटी त्याला कसलाच वास राहिला नाही. अंगणात पालथा घालून उन्हात ठेवला.

त्या लोकांनी भांडी घासायला सांगितलं होतं, मी घासली. यात काय चुकलं? पण ही वही माझी आहे, म्हणून लिहिते. उकळतं पाणी ओतताना मी मोठ्याने म्हणाले होते, "जा आता." कुणाला म्हणाले ते मला ठाऊक आहे.

८ नोव्हेंबर

घर शांत आहे. मला हवं होतं तसं.

लुसे तुंब्याला कान लावून बसली होती. किती तरी वेळ. मग बोळा काढून आत बघितलं. मग हात घातला, कोपरापर्यंत. मग माझ्याकडे आली, पहिल्यांदा आपण होऊन आली, आणि म्हणाली, "आई कुठे गेली?"

मी म्हटलं, "मीच आहे ना आता."

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

१६ नोव्हेंबर

नवी पेज करून तुंब्यात ओतली होती, बोलू-चालू लागेल म्हणून. मलाच ती शांतता सोसवेना. चौथ्या दिवशी बोळा काढला तर वर हिरवी बुरशी आणि नाकातले केस जळतील असा वास. फेकली. पुन्हा केली, पुन्हा तेच. ज्वारीचं पीठ तेच, पाणी तेच, करणारी तेवढी दुसरी. ताई माझ्या हाताला यश येऊ देत नाही.

बिना-मायंझाला विचारता आलं असतं. कोणत्या तोंडाने विचारू? लुसेला चहा-पाव देते. कॅप्सूल चुकवत नाही. साखरेत घोळून दिली की गिळते.

२४ नोव्हेंबर

पाऊस लागला. वस्तीच्या हातपंपाचा दांडा मोडला आहे, म्हणून सगळ्या बायका जुन्या उथळ विहिरीवर. पाणी गढूळ. मी क्लोरीनचे थेंब घालते, पण पोरं जिथे खेळतात तिथेच पितात, त्यांच्यामागे किती धावणार. आज विहिरीत वाकले तर पाण्यात ताई होती. तेच मणी, तेच कपाळ. ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. मग बादली टाकली.

लुसेला जुलाब सुरू झाले आहेत.

२६ नोव्हेंबर

आरोग्य केंद्रात नेली. तिथली सिस्टर चिलाला तरुण आहे, बोलायला फटकळ, पण हात मऊ. मीठ-साखरेच्या पाण्याच्या पुड्या दिल्या, जस्ताच्या गोळ्या दिल्या. "घोट-घोट पाजत राहा. कॉलरा नाही हा." जिवात जीव आला. संध्याकाळी लुसे उठून बसली.

३० नोव्हेंबर

पुन्हा सुरू. आता शेम पडते आणि रक्ताचा धागा आहे. पोटाला हात लावू देत नाही. तिचं वजन असं उतरलं आहे की उचलताना माझे हात वर जातात, जास्त जोर लावल्यामुळे.

वस्तीतल्या आणखी काही पोरांना झालं, पण ती दोन दिवसांत उठली. बिना-मायंझाची पाचही त्याच विहिरीचं पाणी पितात. एकालाही काही नाही. धाकटा तर त्याच डबक्यात डुंबतो. हे कसं?

४ डिसेंबर

मामा आले. लुसेचं पांघरूण उचलून बघितलं. मग मला अंगणात घेऊन गेले.

"पोरी, हिला कुणीतरी खातंय."

"मामा, तिला जुलाब होताहेत."

"जुलाब सगळ्या पोरांना होतात. परत परत एकाच पोराला होत नाहीत." त्यांनी कुंपणाकडे हनुवटी वळवली. "तिच्या घरातली पोरं बघितलीस? कुणाचं आयुष्य खाऊन एवढी फुगली? त्वाम्बो पोटुशी होती तेव्हा या घरात सारखं येणं-जाणं कुणाचं होतं? तू यायच्या आधी या चुलीला हात कुणाचा लागत होता?"

शनिवारी ते जाणत्याला घेऊन येणार आहेत. तो आरशात बघून चेटकिणीचं नाव सांगतो. एकदा नाव सांगितलं की त्या बाईचं गावात काय होतं ते मी लहानपणी बघितलं आहे. छप्पर जळतं, आणि कधी कधी छपराखाली ती असते.

इथे तरी खरं लिहिते. मला बरं वाटलं. कुणीतरी दुसरं दोषी आहे हे ऐकून मला अगदी आतून बरं वाटलं. पोरगी तिने खाल्ली, म्हणजे मी नाही.

५ डिसेंबर

लुसे डोळे अर्धे उघडे ठेवून झोपते. आज पाठीवर बांधून पुन्हा केंद्रात नेलं. सिस्टर चिलालाने कातडीची चिमटी घेतली, ती तशीच उभी राहिली. तिने सलाईनची नळी लावली आणि मग मला बाकावर बसवलं.

"काय खाते ही?"

"चांगलं खाते. पाव, चहा, पांढऱ्या पिठाची नशिमा. आणि मी औषधही देते रोज." मी ओच्यातून पुडी काढून दाखवली. मला वाटलं, शाबासकी देईल.

तिने पुडी हातात घेतली आणि डोळे मिटले. "कधीपासून?"

"महिना होईल. रोग येऊ नये म्हणून."

"बाई, हे औषध जंतू मारतं. कुठले मारायचे ते त्याला कळत नाही. माणसाच्या आतड्यात चांगल्या जंतूंची वस्ती असते. ती दाटीवाटीने बसलेली असली की वाईट जंतूला बूड टेकायला जागा मिळत नाही, खायला घास मिळत नाही. आला तसा निघून जातो. तू वस्तीच उठवलीस. आणि जे उरले त्यांना उपाशी मारलंस. पाव-साखर वरच्या वर विरघळते, त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्यांना कोंडा लागतो, कण्या, पाला, शेंगा लागतात. आता रिकाम्या घरात जो येतो तो ऐसपैस राहतो."

रिकाम्या घराबद्दल आणखी कुणीतरी मला असंच सांगितलं होतं. कुणी, ते आठवेना.

"नळीने ती आज तरेल," सिस्टर म्हणाली, "पण परत परत तरणार नाही. कॅप्सूल बंद. मीठ-साखरेचं पाणी चालू. आणि तोंडाने घ्यायला लागली की पातळ आंबवलेली पेज दे. क्लोरीन फक्त प्यायच्या पाण्यासाठी ठेव. घरी चिब्वान्तु आहे ना? चांगल्या जुन्या तुंब्यातला?"

"आहे," मी म्हटलं.

तोंडातून कसं निघालं कुणास ठाऊक. तिने मान डोलावली आणि दुसऱ्या पोराकडे वळली.

६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी लुसेला घरी आणलं. रस्ताभर विचार केला. जंतूंची वस्ती वगैरे सिस्टरला ठाऊक. मला एवढंच कळलं की तुंब्यातलं हवं आहे आणि ते मी केळीच्या बुंध्याशी ओतलं. गावात जुने तुंबे दोन-चारच, बाकीच्यांनी प्लास्टिकची बुधली घेतली. आणि सगळ्यांत जवळचा तुंबा त्या घरात, ज्या घराकडे उद्या जाणता बोट दाखवणार. गप्प राहिले तर माझं काही जात नव्हतं. लुसेचं मात्र जात होतं, आणि त्या बाईचं सगळंच.

कुंपणाला वळसा घालून गेले. ती कण्या पाखडत होती. वर न बघता म्हणाली, "ये, बिना-लुसे. पोरगी कशी आहे?"

मी मागे वळून बघितलं. सवयीने. मग म्हटलं, "मी तुंबा धुतला."

"ठाऊक आहे मला."

"कसं?"

"त्या दिवशी तुझ्या अंगणातून साबणाचा वास येत होता. कोण तुंबा उन्हात पालथा घालतं? मी म्हटलं, आता गेली त्वाम्बो. दोन दिवस जेवण गेलं नाही मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू म्हणाली होतीस ना, ज्यांना परवडत नाही ते बोलतात." सूप खाली ठेवून ती आत गेली आणि लाकडी वाटी भरून घेऊन आली. "आधी तू पी. त्याशिवाय पोरीला देणार नाही. माझ्यावर काय काय बोलणं चाललं आहे ते ऐकू येतं मला. उद्या म्हणशील, विष दिलं."

मी घोट घेतला.

आंबट, मागून थोडं गोड, आणि त्याच्याही मागून धुराचा एक वास. मला ती चव ठाऊक होती. कणगीच्या मागे बसलेली मी, गुडघ्यात तोंड घातलेली, आणि आईच्या खोपटातून येणारा हाच वास. आई गेली त्या दिवशीही तिने सकाळी भरलेला तुंबा होता. दुपारी सगळे ताईला कवटाळून रडत होते आणि मी एकटीने वाटी भरून प्यायले होते. त्यानंतर कधीच नाही.

"हे कुठून आणलंत तुम्ही?"

"मी कुठून आणणार. माझा जुना तुंबा तडकला तेव्हा त्वाम्बोने आपल्यातलं ओतून दिलं होतं. आणि तिने माहेराहून आणलं होतं, लग्नात, डोक्यावरून. वाटेत हिंदकळलं म्हणून रडत आली होती वेडी. म्हणाली, एवढीच आई उरली आहे माझी."

मी जमिनीवर बसले. मी ताईला हाकलत होते आणि आईला हाकलून बसले होते. तुंबा त्या घरातला तेवढा एकच माझा होता, आणि मी त्याला हात लावायला घाबरत होते. बिना-मायंझाने माझ्या पाठीवर हात ठेवला नाही की काही नाही. पाखडत राहिली. माझं रडून झाल्यावर म्हणाली, "पोरगी वाट बघत असेल. वाटी परत आणून दे."

लुसेने वाटीचा वास घेतला, आणि मग माझ्या हाताला धरून वाटी तोंडाकडे ओढली. चमचा-चमचा दिलं. तेवढंच. पण थुंकलं नाही.

७ डिसेंबर

मामा जाणत्याला घेऊन आले. मी त्यांना उंबऱ्यावरच अडवलं.

"मामा, पोरीला कुणी खाल्लं नाही. मी उपाशी ठेवलं."

"काय बोलतेस?"

सगळं सांगितलं. तुंबा, पाव, कॅप्सूल, आणि सिस्टरशी बोललेलं खोटं. गल्लीभर माणसं जमली होती, ऐकू दे म्हटलं. जाणत्याला मोबदल्याची कोंबडी हुकल्याचं वाईट वाटलं असावं, तो म्हणाला, आरसा बघायला काय हरकत आहे. मी म्हटलं, बघा की, त्यात माझंच तोंड दिसेल. मामा माझ्या गळ्यातल्या मण्यांकडे बघत राहिले.

"त्वाम्बो असंच बोलायची," ते म्हणाले, आणि जाणत्याला घेऊन गेले. ते रागाने म्हणाले की कसे, मला सांगता येणार नाही.

१३ डिसेंबर

लुसेला आठवड्यात दोनदा जुलाब झाले, रक्त नाही. सिस्टर म्हणते, वस्ती बसायला वेळ लागतो, घाई करू नकोस. कोंड्यासकट पीठ दळून आणलं. चहा-साखर उचलून मामांच्या घरी दिली. मीठ-साखरेचं पाणी अजून चालूच. पोरगी माझ्यावर रेलते, पण ती अशक्तपणामुळे, मी भलत्या आशेवर नाही.

बिना-मायंझाने ताईच्या तुंब्यात आपल्यातलं ओतलं. त्याआधी, आत क्लोरीनचा वास उरला आहे का ते बघायला नाक घालून हुंगत होती. "क्लोरीन गेलं आहे. पण हा रुसला आहे. वेळ घेईल." मी रोज पेज ओतते. अजून मुका आहे.

खोपटात पाय ठेवला की अजूनही वाटतं, कुणीतरी मला बघतंय. पूर्वी वाटायचं, मी जावं म्हणून बघतंय. आता वाटतं, मी नीट करते आहे की नाही, हे बघतंय. दुसरं पहिल्यापेक्षा जड आहे.

२१ डिसेंबर

दुपारी दारात बसून लुसेच्या झग्याची शिवण उसवत होते. तिच्या अंगावर झगा सैल झाला आहे, पण बारीक करायचा नाही असं ठरवलं, मग उसवलेली पुन्हा तशीच शिवली. चोमाहून मशीन मागवायला मामांकडे निरोप दिला.

आतून आवाज आला. आधी वाटलं, पाऊस. मग फुस्स करून सुस्कारा. माझ्या बोटात सुई गेली.

लुसे माझ्या आधी तिथे पोचली होती. भिंतीला धरून धरून गेली असणार, कारण अजून नीट चालवत नाही. तुंब्याला मिठी मारून, कान लावून, डोळे मिटून बसली होती. मी जवळ गेले, खाली बसले, आणि विचारलं, "काय म्हणते आई?"

तिने बोट ओठांवर ठेवलं. "गप्प. आई जेवतेय."

मी दुसऱ्या बाजूने कान लावला. आत पुटपुट चालली होती, सावकाश, न थांबता, कुणाचीच घाई नसल्यासारखी. आम्ही दोघी तशाच बसलो. मध्ये कधीतरी तिचा हात तुंब्यावरून घसरून माझ्या हातावर आला आणि तिथेच राहिला.

कुंपणापलीकडून हाक आली, "बिना-लुसे, बोलला का गं?"

मी मागे बघितलं नाही.

"बोलला," म्हटलं. "वाटी घेऊन या."